जमीन दिली, पण कागद दिला नाही

गेल्या गणपतीतली गोष्ट. इथे कॅनडात, नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या हॅलिफॅक्सला, एका ओळखीच्यांकडे आरती झाली, पानं वाढली, पंधरावीस जण गप्पा मारत बसलेले, आणि घरांच्या किमतींवरून विषय निघाला तसे एक काका म्हणाले, "आपली पोरं बघा, इथे येऊन दहा वर्षांत घर घेतात, आणि ही प्रेस्टनची काळी माणसं दोनशे वर्षं झाली इथे आहेत तरी होती तिथेच आहेत, मेहनतच नको असते रे त्यांना." प्रेस्टन म्हणजे हॅलिफॅक्सजवळची काळ्या लोकांची जुनी वस्ती. दोघातिघांनी माना डोलावल्या, कोणीतरी आमटी मागितली, विषय पुढे गेला. मी काहीच बोलले नाही. काका वयाने मोठे, सण होता, घर दुसऱ्याचं होतं, अशी सगळी कारणं माझ्याकडे होती, पण ते गप्प बसणं मला इतकं लागलं की तेव्हापासून मी हे लिहायचं म्हणत होते आणि आज लिहितेय.

काकांचा प्रश्न खरं तर चांगला आहे, उत्तर चुकलंय. दोनशे वर्षं एका जागी राहून माणसांच्या हातात काही का साठत नाही? मी सातारा जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरातली, त्यामुळे मला याचं उत्तर ऐकल्या ऐकल्या कळलं, कारण ते उत्तर आपल्या ओळखीचं आहे. जमीन दिली, कागद दिला नाही. एवढंच. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे काय होतं हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं समजवायला लागू नये.

सुरुवातीपासून सांगते. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं तेव्हा ब्रिटिशांनी जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम पळून आमच्याकडे येतील ते मोकळे, आधी १७७५ मध्ये व्हर्जिनियाच्या गव्हर्नर डनमोरने आणि नंतर १७७९ मध्ये जनरल क्लिंटनने. हजारो लोक जीव मुठीत धरून पळाले. ब्रिटिश युद्ध हरले तेव्हा मालक न्यूयॉर्कला येऊन आपापला "माल" परत मागायला लागले, स्वतः जॉर्ज वॉशिंग्टननेही मागितला, पण तिथला ब्रिटिश सेनापती गाय कार्लटन म्हणाला की आम्ही शब्द दिलाय, परत देणार नाही. मग १७८३ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर एक रजिस्टर भरलं गेलं, जहाजात चढणाऱ्या प्रत्येक काळ्या माणसाचं नाव, वय, अंगकाठीचं वर्णन, आधीचा मालक कोण, कधी पळाला, अशी जवळपास ३,००० नावं. त्यात हॅरी वॉशिंग्टन नावाचा एक माणूस आहे, वय ४३, आधीचा मालक जनरल वॉशिंग्टन. म्हणजे ज्याच्या नावाने देशाची राजधानी आहे त्याच्या मळ्यावरून पळालेला माणूस स्वातंत्र्य शोधत नोव्हा स्कोशियाला आला. या लोकांना एकेक दाखला मिळाला, जनरल बर्चच्या सहीचा, की हा माणूस मोकळा आहे आणि त्याला हवं तिथे जाता येईल. त्या बर्चच्याच नावाने शेलबर्नजवळ त्यांची वस्ती झाली, बर्चटाउन. १७८४ च्या मोजणीत तिथे १,५२१ माणसं होती. आफ्रिकेबाहेर मोकळ्या काळ्या लोकांची एवढी मोठी वस्ती त्या काळात दुसरी नव्हती.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी नाहीतर चित्र फारच गोड होईल. त्याच वेळी राजाशी निष्ठावंत गोरे लोकही अमेरिकेतून पळून इथे आले आणि येताना हजाराच्या वर गुलाम सोबत घेऊन आले, कागदावर त्यांना "नोकर" लिहायचे. म्हणजे एकाच गावात एक काळा माणूस मोकळा, शेजारचा गुलाम, आणि मोकळ्याने आपला दाखला जपून ठेवायचा कारण तो हरवला तर कोणीही येऊन म्हणणार हा माझा आहे. कागदाची ही भीती इथल्या काळ्या घरांमध्ये पहिल्या दिवसापासून आहे.

आता जमिनीचं. निष्ठावंतांना, म्हणजे या काळ्या लोकांनाही, सरकारने कबूल केलं होतं की कुटुंबप्रमुखाला १०० एकर आणि घरातल्या बाकी प्रत्येक माणसामागे ५० एकर. गोऱ्यांनाही ती मिळायला उशीर झाला, भांडणं झाली, हे खरंय. पण बर्चटाउनचा हिशोब बघा, साडेसहाशेच्या आसपास पुरुषांपैकी जमीन मिळाली ती १८४ जणांना, तीही सरासरी ३४ एकर, आणि तीही चार वर्षं थांबून, आणि ती जमीन म्हणजे नुसता खडक आणि दलदल. मी गेलेय तिथे. हॅलिफॅक्सवरून गाडीने अडीच तास. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी पायाने माती उकरून बघितली, सवयच आहे ती, बोटभर खाली दगड लागला. आमच्याकडच्या मुरमाड माळावर निदान मटकी तरी येते, इथे काय पेरणार? तिथल्या म्युझियमच्या आवारात त्या लोकांनी पहिला हिवाळा कसा काढला ते दाखवणारी झोपडी बांधून ठेवलीये. जमिनीत खड्डा, वर लाकडाच्या ओंडक्यांचं तिरकं छप्पर, बस. मी आत उतरले, ऑगस्ट महिना होता तरी आत ओल आणि गारवा, सरळ उभं राहता येईना, आणि मनात एकच येत होतं की इथे फेब्रुवारीत कमरेएवढा बर्फ असतो आणि या खड्ड्यात बायका बाळंत झाल्या असतील.

बोस्टन किंग म्हणून एक सुतार होता बर्चटाउनमध्ये, पुढे धर्मोपदेशक झाला, त्याने स्वतःची हकिगत लिहून ठेवलीये म्हणून आपल्याला हे कळतं. दुष्काळात लोक कपडे विकत होते, कुत्री-मांजरं मारून खात होते, रस्त्यात चालता चालता भुकेने पडून मरत होते. त्याला शेलबर्नच्या एका गिऱ्हाइकाने एक पेटी बनवायला सांगितली. याने रात्रंदिवस खपून ती बनवली आणि तीन फूट बर्फातून पाठीवर घेऊन पोचवायला गेला, तर त्या माणसाला ती पसंतच पडली नाही. परत येताना भुकेने आणि थंडीने हा अनेकदा खाली पडला, त्याला वाटलं आता संपलं. घरी येऊन त्याने दुसरी पेटी बनवली, ती चालली, मोबदला मिळाला मक्याच्या रूपात. मेहनत नको असते म्हणे. मला ही पाठीवरची पेटी डोळ्यांसमोरून हलत नाही.

आणि काम करायचं म्हटलं तरी गुन्हाच होता. जमीन नाही, म्हणून हे लोक मिळेल त्या मजुरीवर, गोऱ्यांपेक्षा कमी पैशात राबायचे. मग २६ जुलै १७८४ ला शेलबर्नमध्ये सैन्यातून मोकळे झालेले गोरे सैनिक उठले, की हे स्वस्तात काम करतात म्हणून आम्हाला काम मिळत नाही, आणि त्यांनी डेव्हिड जॉर्ज नावाच्या काळ्या बाप्टिस्ट पाळकाचं (चर्चच्या धर्मगुरूचं) घर आणि आणखी वीसेक घरं पाडली, लोकांना मारत बर्चटाउनपर्यंत पिटाळलं. कॅनडाच्या इतिहासातली ही पहिली वांशिक दंगल समजतात. म्हणजे मजुरी कमी दिली कोणी, मार खाल्ला कोणी! आधी जमीन द्यायची नाही, मग मजूर म्हणून वापरायचं, मग मजूर आहे म्हणून मारायचं. हा प्रकार मराठी वाचकाला अगदीच नवा वाटू नये.

शेवटी थॉमस पीटर्स नावाचा एक काळा सार्जंट, ब्रिटिशांच्याच बाजूने लढलेला, लोकांच्या तक्रारींचा अर्ज घेऊन थेट लंडनला गेला. पकडून परत गुलाम करतील हा धोका होता तरी गेला. त्याच्या अर्जातलं मुख्य गाऱ्हाणं काय? जमीन. कबूल केलेली जमीन मिळाली नाही. त्यातून एका कंपनीने या लोकांना आफ्रिकेत सिएरा लिओनला न्यायचं ठरवलं, आणि १५ जानेवारी १७९२ ला हॅलिफॅक्स बंदरातून १५ जहाजं सुटली, जवळपास १,२०० माणसं. ते विचार करा, ज्या देशासाठी लढलो त्याने दिलेली जागा सोडून भर हिवाळ्यात समुद्र ओलांडायला १,२०० माणसं तयार होतात. गावंच्या गावं पाळकासकट उठून गेली. आणि तिथे तरी काय झालं? सांगितलं होतं की जमिनीवर सारा लागणार नाही, पोचल्यावर कंपनीने सारा लावला, म्हणजे परत मालक कंपनीच. १८०० साली लोकांनी बंड केलं, ते चिरडलं, दोघांना फाशी, कित्येकांना हद्दपारी, आणि त्या हद्दपार झालेल्यांत तोच हॅरी वॉशिंग्टन होता. दोन खंड, तीन सरकारं, माणूस तोच, मागणी तीच.

या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते पुढच्या लाटेबद्दल, कारण काकांनी ज्यांचं नाव घेतलं ती प्रेस्टनची माणसं यातून आली. (मध्ये १७९६ ला जमैकाचे साडेपाचशे "मरून" (Maroon) लोकही, म्हणजे पळालेल्या गुलामांचे वंशज, इथे आणले होते, त्यांनी हॅलिफॅक्सच्या किल्ल्याच्या टेकडीवर बांधकाम केलं आणि १८०० ला तेही सिएरा लिओनला गेले, पण ती कथा वेगळी आहे, तिच्यात आत्ता शिरत नाही.) अमेरिकेबरोबरच्या १८१२ च्या युद्धात ब्रिटिशांनी परत तीच घोषणा केली, पळून या, मोकळे व्हा, आणि १८१३ ते १८१६ मध्ये साधारण २,००० काळी माणसं नोव्हा स्कोशियात आली. त्यांना प्रेस्टन, हॅमंड्स प्लेन्स अशा हॅलिफॅक्सच्या भोवतालच्या खडकाळ जागांवर वसवलं. प्रत्येक कुटुंबाला साधारण १० एकर. आणि या वेळी मालकीची सनद दिलीच नाही, दिला तो नुसता राहण्याचा परवाना. राहा, जमीन कसा, पण विकता येणार नाही, पोरांच्या नावावर करता येणार नाही.

आपल्याकडे याला काय म्हणतात? भोगवटादार वर्ग २. सातबाऱ्यावर "वर्ग २" लिहिलेलं असलं की घरातला मोठा माणूस कसा सुस्कारा टाकतो ते आठवा. विकायची तर कलेक्टरची परवानगी, नजराणा भरा, शर्तभंग झाला तर सरकारजमा. वतनाच्या जमिनींचं महार समाजाने काय काय सोसलं हे आपल्याला माहीत आहे. आणि वर्ग २ वाल्याचं निदान सातबाऱ्यावर नाव तरी असतं, प्रेस्टनवाल्यांच्या नातवंडांकडे तेवढंही नव्हतं.

१० एकर खडकावर कुटुंब जगत नाही, हे देणाऱ्यांना तेव्हाही कळत होतं. त्यात १८१६ चं वर्ष म्हणजे उन्हाळाच न आलेलं वर्ष, जूनमध्ये बर्फ. लोकांनी टोपल्या विणल्या, झाडू बांधले, रानातली बेरी गोळा करून हॅलिफॅक्सच्या बाजारात डोक्यावरून नेऊन विकली. मेपलच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या टोपल्या विणायची कला ईस्ट प्रेस्टनच्या बायकांनी विसाव्या शतकापर्यंत आईकडून मुलीकडे अशी चालवली, एडिथ क्लेटन हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव.

आणि आता ती गोष्ट जी वाचून मी खुर्चीतून उठून उभी राहिले. त्या वेळी नोव्हा स्कोशियाचा गव्हर्नर कोण होता तर लॉर्ड डलहौसी. थांबा, तो नाही, त्याचा बाप. सातारा खालसा करणाऱ्या, नागपूर खालसा करणाऱ्या, दत्तक वारस नामंजूर म्हणणाऱ्या डलहौसीचा सख्खा बाप, जॉर्ज रामझे, १८१६ ते १८२० इथे गव्हर्नर होता. त्याच्या नावाची युनिव्हर्सिटी इथे आहे, आपली कितीतरी मराठी मुलं तिथे शिकतात. या माणसाने प्रेस्टनच्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय की हे सवयीने गुलाम आहेत, चाबकाचा धाक गेला की यांना स्वातंत्र्य म्हणजे आळस वाटतो, यांच्याकडून कष्ट होणार नाहीत. यांना परत त्यांच्या अमेरिकन मालकांकडे पाठवावं अशीही त्याची कल्पना होती. २०१९ मध्ये युनिव्हर्सिटीने स्वतः अभ्यास करून हे सगळं प्रसिद्ध केलं आणि माफी मागितली.

म्हणजे बापाने प्रेस्टनच्या माणसांना पोरांच्या नावावर जमीन करता येणार नाही अशा परवान्यावर ठेवलं, आणि मुलाने १८४८ मध्ये आमच्या साताऱ्याला सांगितलं की तुमचा वारस आम्हाला मान्य नाही. वारसा कोणाचा मान्य करायचा आणि कोणाचा नाही हे ठरवायची सत्ता एकाच घरात पिढीजात आली. आणि २०० वर्षांनी आमच्यातलेच एक काका, साताऱ्याच्या मातीतले, मोदक खाता खाता त्याच बापाचं वाक्य जसंच्या तसं बोलून गेले, त्यांच्या हे गावीही नाही. मला काकांचा राग नाही. पण ते वाक्य आपल्या तोंडी कसं आलं याचा विचार आपण करणार की नाही?

कागद नसण्याचे परिणाम एका पिढीत दिसत नाहीत, ते साठत जातात. माझ्या ऑफिसात एक जण आहे, ईस्ट प्रेस्टनची, माझ्याच वयाची, आम्ही दोघी दुपारी डबा एकत्र खातो. तिच्या आजीचं घर तिच्या पणजोबांनी बांधलेलं. टॅक्सचं बिल अजूनही मेलेल्या पणजोबांच्या नावाने येतं आणि घरातले लोक ते इमानदारीत भरतात, पावत्या सगळ्या बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या. छत गळायला लागलं म्हणून ती बँकेत कर्जाला गेली, बँक म्हणाली मालकी दाखवा. मालकी दाखवायची तर पणजोबांपासूनचे सगळे वारस शोधा, बोस्टनला गेलेले, टोरांटोला गेलेले, मेलेले, लग्न होऊन नावं बदललेले, सर्व्हेअर आणा, वकील करा. वकिलाची फी छताच्या खर्चाहून जास्त. मग काय करणार, चुलतभावांनी मिळून ताडपत्री टाकली. आता सांगा, आपण इथे दहा वर्षांत घर घेतलं ते कशाच्या जोरावर? बँकेने कर्ज दिलं म्हणून. आणि आपल्यातल्या कितीजणांच्या शिक्षणासाठी गावाकडची जमीन तारण पडली होती? माझ्यासाठी पडली होती. दीड एकर विहिरीसकट. ती जमीन तारण ठेवता आली कारण तिच्यावर वडिलांचं नाव होतं. मी मेहनत केली नाही असं नाही, पण तिच्या घरात माझ्यापेक्षा कमी मेहनत झाली असं म्हणायची माझी हिंमत नाही.

सरकारला हे माहीत नव्हतं असंही नाही. १९६३ मध्ये इथे खास कायदा झाला, जमिनीची मालकी स्पष्ट करून देण्याचा, की अशा वस्त्यांमधल्या लोकांनी अर्ज करावा आणि सरकारने मालकीचा दाखला द्यावा. कायदा चांगलाच होता. पण तो राबवायची जबाबदारी कुटुंबांवर, खर्च कुटुंबांचा, आणि पुढे पुढे सरकारी खातं अट घालायला लागलं की २० वर्षांचा विरोधी ताबा सिद्ध करा. याचा अर्थ नीट समजून घ्या. विरोधी ताबा म्हणजे जमीन दुसऱ्याची आहे, मी ती मालकाच्या इच्छेविरुद्ध २० वर्षं बळकावून बसलोय, असं म्हणायचं. अरे, ज्यांना सरकारने स्वतः आणून बसवलं त्यांनी आपण घुसखोर आहोत असं सिद्ध करायचं, मग त्यांना मालक करणार? अपमान आहे हा. नॉर्थ प्रेस्टनचे एक गृहस्थ याविरुद्ध कोर्टात गेले आणि २०२० मध्ये नोव्हा स्कोशियाच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, की ही अट त्या कायद्याच्या हेतूशी जुळत नाही, आणि काळ्या समाजावर पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या अन्यायाचा परिणाम जमिनीच्या मालकीवर झालाय हे लक्षात घेऊनच कायदा वाचायला हवा. कायदा १९६३ चा, आणि हे साधं वाक्य कोर्टातून यायला ५७ वर्षं. त्याआधी २०१७ मध्ये सरकारने ५ वस्त्यांसाठी २७ लाख डॉलरची योजना आणली होती, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी कॅनडात येऊन या प्रश्नावर बोट ठेवल्यानंतर. त्यात वकिलाचा, मोजणीचा खर्च सरकार करतं. योजना अजून चालू आहे, काहींना कागद मिळालेत, ते मी नाकारत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. पुरावा देण्याची जबाबदारीच उलटी करा. ज्याने परवाना दिला आणि सनद दिली नाही त्या सरकारने आपली दप्तरं काढावीत, मोजणी करावी, आणि कुटुंबाच्या दारात जाऊन सांगावं की हा तुमचा नकाशा, हे तुमचे वारस, हरकत असेल तर बोला. आपल्याकडे फाळणी नकाशा भूमी अभिलेख खातं करतं आणि वारस नोंद तलाठी करतो, ते किती फेऱ्या मारायला लावतात हा वेगळा मुद्दा, पण निदान ते सरकारचं काम आहे हे तरी मान्य आहे. जमीन महसुलाची घडी दख्खनमध्ये चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने बसवली, जो स्वतः इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. त्याला जे जमलं ते कॉम्प्युटर असलेल्या सरकारला न जमायला काय झालं?

कागद नसला की शेवटी काय होतं ते बघायचं असेल तर आफ्रिकव्हिलला जा. हॅलिफॅक्स शहरातच आहे, पुलाखाली, खाडीच्या काठावर. तिथे १८४८ मध्ये काळ्या कुटुंबांनी जमीन रीतसर विकत घेतली होती, पुढच्याच वर्षी चर्च उभं राहिलं. मग त्यांच्या वस्तीतून रेल्वे गेली, शहराने शेजारी तुरुंग आणला, संसर्गजन्य रोगांचं हॉस्पिटल आणलं, मैला टाकायचे खड्डे आणले, कत्तलखाना आणला आणि १९५० च्या दशकात शहराचा सगळा कचरा आणून टाकला, पण नळाचं पाणी आणि गटार शेवटपर्यंत दिलं नाही. टॅक्स मात्र घेतला. आणि मग १९६४ नंतर त्याच शहराने म्हटलं की ही घाणेरडी वस्ती आहे, हलवा. सुमारे ४०० माणसं. ज्यांच्याकडे मालकीचा कागद होता त्यांच्याशी सौदा, ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्या हातात ५०० डॉलर. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिलेल्या माणसाला ५०० डॉलर! सामान हलवायला कचऱ्याच्या गाड्या पाठवल्या. चर्च १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये रात्री पाडलं. शेवटचं घर पडलं जानेवारी १९७० मध्ये. २०१० मध्ये महापौरांनी माफी मागितली, चर्चची प्रतिकृती बांधायला ३० लाख डॉलर दिले, पण घर गेलेल्या माणसाला वैयक्तिक भरपाई नाही. तिथे एक जण वर्षानुवर्षं ठिय्या देऊन बसले होते. दर जुलैमध्ये तिथली कुटुंबं गाड्या-तंबू घेऊन येतात आणि जिथे आपलं घर होतं साधारण तिथेच तंबू ठोकतात, मी एकदा बघितलंय, एक आजी नातवाला हाताने हवेत भिंती दाखवत होत्या, इथे स्वयंपाकघर, इथे कोंबड्या.

यावर मला दोन गोष्टी नेहमी ऐकायला मिळतात. एक म्हणजे, ही जमीन मुळात मिकमॅक आदिवासींची, मग काळ्यांचा तरी हक्क कसला? मुद्दा खरा आहे, मिकमॅक लोकांनी ही भूमी कोणाला करारात देऊन टाकलेली नाही, आणि त्यांचं देणं सरकारला टळणार नाही. पण गंमत म्हणून बघा, हा प्रश्न गोऱ्यांच्या समुद्रकाठच्या बंगल्यांबद्दल विचारलेला मी कधी ऐकला नाही, तो प्रेस्टनच्या दहा एकरांवर आल्यावरच आठवतो. एकाचं देणं दाखवून दुसऱ्याचं बुडवायचं हा न्याय नाही. दुसरं म्हणजे, आपण तर काल आलो, आपला काय संबंध, आपल्या टॅक्समधून का? कारण ज्या सरकारने आपल्याला नागरिकत्व दिलं त्याच सरकारचा हा मोडलेला शब्द आहे, आपण त्याची हॉस्पिटलं घेतो, शाळा घेतो, रस्ते घेतो, मग त्याचं कर्ज तेवढं वगळून कसं चालेल? आणि संबंध कसा नाही? आपल्या खिशातल्या दहा डॉलरच्या नोटेवर व्हायोला डेस्मंड आहे, हॅलिफॅक्सची काळी बाई, १९४६ मध्ये थिएटरात गोऱ्यांच्या जागेवरून उठली नाही म्हणून अटक झालेली. तिच्यासारख्यांनी मार खाल्ला म्हणून आज मी बसमध्ये कुठेही बसते.

घाई यासाठी आहे की हॅलिफॅक्समध्ये जागांचे भाव कोविडनंतर भयंकर वाढलेत आणि शहर प्रेस्टनच्या दिशेने सरकतंय. जमिनीला किंमत नव्हती तेव्हा कागद नसलेला खपून गेला, किंमत आली की कागद नसलेला माणूस पहिला उठतो, हे पुण्याच्या आसपासच्या कुठल्याही गावात जाऊन विचारा. इथले आमदार मतं मागायला आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला येतात, फोटो काढतात. या वर्षी मी त्यांना हाच एक प्रश्न विचारणार आहे, की प्रेस्टनच्या किती कुटुंबांचे अर्ज अजून पडून आहेत आणि ते कधीपर्यंत संपवणार. आणखी चार जणांनी विचारला तर त्यांना उत्तर आणावं लागेल. काकांनाही मी सांगून ठेवलंय की तुम्ही पण विचारा. काका काही बोलले नाहीत, पण नंतर त्यांनी मला बर्चटाउनला कसं जायचं ते विचारलं.

परवा डबा खाताना मी मैत्रिणीला फोनवर आमचा सातबारा काढून दाखवला. गट नंबर टाकला, दोन मिनिटांत आला. तिला मराठी येत नाही, मी बोट ठेवून वाचत गेले, हे आजोबांचं नाव, कंसात टाकलंय म्हणजे ते गेले, हे वडील, हे काका, हे माझं आणि भावाचं, वडील गेल्यावर लागलं. ती बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत होती. मग तिने विचारलं, "हे तुझं नाव लागायला तुला काय काय सिद्ध करावं लागलं?" मी म्हटलं, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि मी त्यांची मुलगी आहे एवढंच.

"एवढंच?" ती म्हणाली, आणि तिने मला ते परत पहिल्यापासून वाचायला सांगितलं.